पट्टा कुजला म्हणून घड्याळ विकू नका!

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीत एक माणूस स्कूटरवरून आला. मालवण तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून तो फिरत होता आणि जुने रेडिओ, कॅमेरे, तांब्या-पितळेची भांडी, मनगटी घड्याळे असे मिळेल ते विकत घेत होता. शेजारच्या काकींनी ट्रंक उघडली आणि दिवंगत काकांचे एचएमटी ‘जनता’ घड्याळ त्याच्या हातावर ठेवले. त्याने चावी दिली, कानाला लावून पाहिले, कुजलेला पट्टा ओढून अंगणात टाकला आणि काकींच्या हातात दोनशे रुपये ठेवून तो निघून गेला.

आम्हाला हे संध्याकाळी कळले. आम्ही विचारले, “काकी, विकलात कित्याक?” काकी म्हणाल्या, “पट्टो कुसान गेलो होतो. हातात घालूक येय नाय. नुसता पडान ऱ्हवला होता, मगे काय करूचा?”

वाचक बंधू-भगिनींनो, घड्याळ चालू होते. काटे शाबूत होते, काच अखंड होती. कुजला होता तो फक्त शंभर-सव्वाशे रुपयांचा पट्टा. दोन महिन्यांनी आम्ही कामानिमित्त मुंबईला गेलो, तेव्हा जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेच्या कपाटात अगदी तसेच ‘जनता’ पाहिले. तपकिरी चामड्याचा नवा पट्टा लावून ते मखमलीवर ठेवले होते आणि किंमत सांगितली २,८०० रुपये. ते काकांचेच होते असे आमचे म्हणणे नाही. त्याच बनावटीचे होते, एवढे नक्की.

त्या फिरत्या व्यापाऱ्याला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्याने भाव सांगितला, काकींनी मान्य केला. आमचा प्रश्न आपल्या घरांना आहे. आपल्या ट्रंकांत, फळीवरच्या डब्यांत, देव्हाऱ्याची जागा घेतलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खणात जी दोन-तीन घड्याळे पडून आहेत, ती कोणत्या कष्टातून आली आणि ती सांभाळायची कशी, हे आपण कधी विचारात घेतले आहे काय?

हा वेळ कुणाचा होता?

ज्यांच्या घरात चार पिढ्यांपासून भिंतीवर टोल्यांचे घड्याळ आहे, त्यांना आमचा हा हट्ट पोरकट वाटेल. वाटू द्या. त्यांचा वेळ नेहमीच त्यांचा होता. आपला नव्हता. महारकीच्या वतनात महाराने गावाच्या आणि सरकारच्या चाकरीला दिवसरात्र हजर राहावे असा दंडक होता. हाक आली की भरल्या ताटावरून उठायचे. घरचा पुरुष नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जायचे. या चाकरीला ना सुरुवातीची वेळ होती, ना सुट्टीची. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, ते या बेमुदत चाकरीला हद्द आणि मोबदला ठरवून देण्यासाठी.

कोकणात त्याच्या जोडीला खोत होता. त्याच्या शेतावर, त्याच्या घरी कुळांनी फुकट राबायचे. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती पुढे १९४९ च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने गेली. मधल्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

हा इतिहास घड्याळाच्या लेखात कशाला, असे कुणी विचारील. कारण ज्याच्या कामाचे तास मोजले जात नाहीत, त्याला घड्याळाचा उपयोग नसतो. आपल्या माणसाने पहिल्यांदा मनगटावर घड्याळ बांधले, तेव्हा त्याच्या दिवसाचे काही तास त्याच्या मालकीचे झालेले होते. म्हणून त्या घड्याळाची किंमत दोनशेही नाही आणि २,८०० ही नाही.

आमच्या डब्यातली तीन घड्याळे

आमच्याकडे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात तीन घड्याळे आहेत. संग्राहक म्हणवून घ्यावे असा हा ऐवज नव्हे. पण प्रत्येकाच्या पट्ट्याला एक गोष्ट आहे, म्हणून सांगतो.

पहिले आजोबांचे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची उभारणी सुरू झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा फौजेत भरती झाले. त्यांचे घड्याळ वेस्ट एंड कंपनीचे. ही कंपनी घड्याळे स्वित्झर्लंडमध्ये बनवून घेई आणि मुंबई-कलकत्त्यात विकी. फौजेतल्या शिपायांत तिचे नाव होते. त्या घड्याळाला आजच्यासारख्या निघणाऱ्या पिना नाहीत. दोन्ही बाजूंच्या दांड्या कायमच्या जोडलेल्या आहेत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशातले घड्याळ काढून पाहणे परवडेना, तेव्हापासून मनगटी घड्याळ खऱ्या अर्थाने पुरुषांच्या हातावर आले. धावपळीत पट्टा निसटू नये म्हणून अशा पक्क्या दांड्या ठेवत. अशा घड्याळाला दोन तुकड्यांचा तयार पट्टा बसत नाही. एकसंध पट्टी एका दांडीतून घालून, घड्याळाच्या पाठीखालून नेऊन दुसऱ्या दांडीतून काढावी लागते.

आजोबांनी त्याला आयुष्यभर खाकी कापडाचाच पट्टा वापरला. चामड्याचा कधी लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, “मेलेली ढोरा ओढूची सोडली, आता ता चामडा मनगटार कित्याक बांधू?” १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी जे सांगितले, ते आजोबांच्या पिढीने असे अंगी बाणवले होते. लहानपणी आम्हाला तो विक्षिप्तपणा वाटे. आज वाटत नाही.

दुसरे घड्याळ वडिलांचे, एचएमटी ‘जनता’. वडील लालबागच्या एका गिरणीत कताईखात्यात होते. विणाईखात्यात मजुरी जास्त, पण पूर्वी तिथे अस्पृश्यांना घेतच नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने बाकीचे बाटत! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. वडिलांच्या काळापर्यंत तो भेद उघडपणे कुणी बोलत नसे, पण आमच्या चाळीतले बहुतेक लोक कताईखात्यातच होते.

१९७४ च्या बोनसमधून त्यांनी हे घड्याळ घेतले. आईने विचारले होते, गिरणीचा भोंगा चाळीपर्यंत ऐकू येतो, मग घड्याळ कशाला? वडील म्हणाले, भोंगा मालकाच्या हातात आहे. पाळी सुटायची वेळ झाली की नाही, हे मुकादमाच्या घड्याळात पाहायचे नव्हते त्यांना. स्वतःच्या मनगटावर पाहायचे होते.

एचएमटी ही १९५३ साली बंगलोरला स्थापन झालेली सरकारी कंपनी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने १९६१ साली घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’, ‘कोहिनूर’ ही तिची नावे एका पिढीला पाठ होती. ‘जनता’च्या काही तबकड्यांवर नाव देवनागरीत असे. दृष्टिहीनांसाठी काटे चाचपून वेळ कळावी अशी ब्रेल घड्याळेही या कंपनीने बनवली. सार्वजनिक उद्योग असल्यामुळे तिथल्या नोकऱ्यांत राखीव जागा होत्या, हेही विसरता येणार नाही. पुढे सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली. जपानच्या सायकोने १९६९ साली तिचा आरंभ केला होता. आपल्याकडे १९८४ साली टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून टायटन उभी केली. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस ही घड्याळांची उपकंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. कारखाना बंद पडल्यावर संग्राहकांची झुंबड उडाली. स्कूटरवरचे व्यापारी आपल्या वाड्यांपर्यंत पोहोचले, ते त्यानंतर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगा थांबला तो आमच्या वडिलांसाठी कायमचाच. ते गावी परत आले. वीस वर्षे ते रोज सकाळी सात वाजता घड्याळाला चावी देत. कुठे हजेरी नव्हती, पाळी नव्हती, तरी देत.

तिसरे आमचे. १९९१ च्या पहिल्या पगारातले, सेलचे, सोनेरी मुलाम्याच्या चेनचे. मिरवण्यासाठीच घेतले होते. मालवणच्या हवेने दोन पावसाळ्यांत त्या चेनचा मुलामा उतरवला आणि आमची मिरवणूकही.

आईचे घड्याळ डब्यात नाही. आईला घड्याळ कधी नव्हतेच. तिच्या कामाचे तास आमच्या घरातही कुणी मोजले नाहीत.

खाऱ्या हवेचा मार

समुद्रकाठच्या माणसाने घड्याळ सांभाळताना आधी हवा ओळखली पाहिजे. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेले आठ महिने घाम आणि खारा वारा. याच मालवणात राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. तिथे सरकारी खर्चाचे लोखंड टिकले नाही, तिथे आपल्या घड्याळाची बारीकशी पिन किती टिकेल?

घड्याळ पडते ते बहुतेकदा या पिनेमुळे. पट्टा आणि घड्याळ यांना जोडणारी ही आतून स्प्रिंग असलेली पिन खाऱ्या घामाने आतून गंजते. बाहेरून दिसत नाही. एके दिवशी तुटते आणि घड्याळ फरशीवर नाही तर खाडीत. म्हणून मालवणच्या बाजारपेठेतले आमचे घड्याळवाले काका सांगतात, “पट्टो बदला नाय बदला, वर्साक पिनी बदला.” पिन काही रुपयांना मिळते. वडिलांचे पन्नास वर्षांचे घड्याळ त्या काही रुपयांच्या पिनेवर लटकलेले असते.

पट्टा घेताना माप आधी घ्यावे. घड्याळाला पट्टा जोडायचे जे दोन कान असतात, त्यांच्यामधले आतले अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे. पुरुषांच्या जुन्या एचएमटीत ते साधारण १८ असते. अलीकडच्या मोठ्या घड्याळांत २० किंवा २२, बायकांच्या लहान घड्याळांत १२-१४ च्या आसपास. १८ च्या जागी २० चा पट्टा दाबून बसवला तर कडा चुरगळतात. १६ चा बसवला तर मध्ये फट राहते आणि पिन वाकते. पट्टा बांधल्यावर त्याच्याखाली एक बोट सहज सरकावे, एवढाच तो घट्ट असावा.

चामड्याचा पट्टा घेताना उलटा करून पाहावा. कडेला आत कापडाचे धागे दिसले आणि वर गुळगुळीत रंगाचा थर असला, तर ते रेक्झिन समजावे. ते सहा महिन्यांत पापुद्रे टाकते. खरे चामडे वाकवल्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि त्याला त्याचा वास असतो. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे दिसायला सुंदर, वापरता वापरता हाताला बसते, पण ओल त्याला सोसत नाही, लगेच बुरशी धरते. क्रोमच्या क्षाराने कमावलेले त्या मानाने ओल जास्त सोसते. पण आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर चामडे हातावर ठेवूच नये. काढून, पुसून, सावलीत वाळवून कागदात गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, ओल आत कोंडते.

पावसाळ्यासाठी नायलॉनचा एकसंध पट्टा उत्तम. ब्रिटिश लष्कराने १९७३ साली त्याचे मानक ठरवले, म्हणून पुढे बाजारात त्याला ‘नाटो पट्टा’ म्हणू लागले. आजोबांच्या खाकी पट्टीसारखाच तो दोन्ही पिनांखालून जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला अडकून राहते. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांनी, देवबाग-तारकर्लीला होडीवर काम करणाऱ्या मुलांनी हाच वापरावा. साबणाने धुवावा, वाळवावा, पुन्हा घालावा.

स्टीलच्या चेनलाही निगा लागते. क्रोमियम-निकेलच्या पोलादात मोलिब्डेनम मिसळलेले ३१६ जातीचे पोलाद खाऱ्या पाण्याला जास्त टिकते. स्वस्त चेन बहुधा पातळ पत्र्याची दुमडलेली असते. तिच्या सांध्यांत घाम आणि मळ साचून काळा लेप होतो आणि तोच मनगटाला खाज आणतो. महिन्यातून एकदा चेन घड्याळापासून सोडवून जुन्या टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासावी आणि पूर्ण वाळवावी. चेन सैल असेल तर कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात, नाहीतर बक्कल मनगटाच्या एका बाजूला सरकते. कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो, पिन त्या दिशेने बाहेर ढकलायची. काढलेल्या कड्या फेकू नयेत. मनगट उद्या जाड होईल, किंवा घड्याळ उद्या दुसऱ्याच्या हातात जाईल.

तारकर्लीला पर्यटकांबरोबर पाण्यात उतरणाऱ्या मुलांची एक फसगत आम्ही नेहमी पाहतो. घड्याळावर ३० मीटर लिहिलेले असते आणि मुलांना वाटते की ३० मीटर खोल नेता येईल. तसे नाही. ३० मीटरचे घड्याळ हात धुताना उडालेले पाणी सोसते, एवढेच. पोहायला १०० मीटरचे लागते आणि पाणबुडीसाठी खास बनवलेले, निदान २०० मीटरचे. जुन्या चावीच्या घड्याळांना तर पावसाचे शिंतोडेही लागू देऊ नयेत. समुद्राचे पाणी आत गेलेच तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवत बसू नये. त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावे. मीठ एका रात्रीत मशीनवर गंज चढवते.

मशीनची सेवा

वडिलांच्या ‘जनता’चे चक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. सतरा ज्वेल म्हणजे सतरा बारीक कृत्रिम माणके. चाकांचे आस त्यांत फिरतात, म्हणून झिजत नाहीत. पण आसाला लावलेले तेल चार-पाच वर्षांत सुकते. मग घड्याळ मागे पडू लागते किंवा थांबते. लोक म्हणतात ‘मेले’. ते मेलेले नसते, तहानलेले असते. घड्याळवाले काका डोळ्याला भिंग लावून ते पूर्ण सोडतात, प्रत्येक चाक धुतात आणि सुईच्या टोकाने तेलाचा कण ठेवतात.

चावी रोज एकाच वेळी द्यावी आणि अडल्यावर जोर करू नये. सेलचे घड्याळ बंद पडले तर मेलेला सेल आत ठेवू नये. तो पाझरतो आणि सगळे मशीन खातो. जुन्या क्रोम मुलाम्याच्या घड्याळाच्या पाठीला हिरवा कळंक आला असेल तर मऊ कापडाने पुसावा, चाकूने खरवडू नये. आणखी एक. फार जुन्या परदेशी घड्याळाची चमकणारी तबकडी कधी उघडून खरवडू नका. आपण चमकणाऱ्या कशालाही ‘रेडियम’ म्हणतो, पण १९६० च्या दशकापर्यंत काही घड्याळांत खरोखरच रेडियम असे.

तबकडीवर डाग असला तरी ती रंगवून घेऊ नये. बाजारात जुन्या घड्याळांच्या तबकड्या भडक रंगवून, तीन घड्याळांचे सुटे भाग एकात घालून विकायचा धंदा जोरात आहे. असे घड्याळ विकत घेऊ नका आणि आपले तसे करूही देऊ नका. वडिलांच्या घामाचा डाग हा त्या घड्याळाचा दाखला आहे. पट्टा बदलाल तेव्हाही जुने बक्कल जपून ठेवा.

चामड्याचा प्रश्न

आता आजोबांच्या खाकी पट्ट्याकडे परत येतो. आजोबांनी चामडे नाकारले ते बरोबरच होते, कारण त्यांच्यासाठी ते सक्तीचे चिन्ह होते. पण त्यांच्या नातवाने आज चामड्याचा पट्टा कापणाऱ्या हाताला कमी लेखले, तर ते चूक होईल. मालवणच्या बाजारात गटई स्टॉलवर बसणारे एक चर्मकार बंधू आहेत. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या घड्याळाची गंजलेली चेन आम्ही काढली आणि त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चपलेच्या उरलेल्या चामड्यातून १८ मिलिमीटरची पट्टी कापली, कडा मेणाने घासल्या, दुहेरी शिवण घातली, जुनेच बक्कल लावले आणि ऐंशी रुपये सांगितले. आम्ही दीडशे दिले तर संकोचले.

हेच काम परदेशी नाव लावून काचेच्या कपाटात गेले की हजारांत विकले जाते. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला कारागिरांचे नाव न घेता आणल्या आणि ओरड झाल्यावरच मूळ भारतीय असल्याचे कबूल केले. इकडे आपल्या राज्यात २०१५ च्या कायद्याने बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि चर्मोद्योगाचा कच्चा माल आटला. गुजरातेत उना येथे जुलै २०१६ मध्ये मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना बांधून झोडपले. चामडे पायात आणि मनगटावर सगळ्यांना हवे, ते कमावणारा मात्र नको, असा हा व्यवहार आहे. महार आणि चर्मकार यांच्यामधली जुनी भिंत पाडायची भाषणे आपण पुष्कळ करतो. बाजारातला तयार रेक्झिनचा पट्टा न घेता गटई स्टॉलवरून पट्टा करून घेणे आणि भाव न पाडता पैसे देणे, हे त्यातले एक लहान पण रोखीचे काम आहे.

काय करता येईल?

आमच्या पुतणीने गेल्या सुट्टीत घड्याळवाल्या काकांकडे बसून पिना काढणे, पट्टे बदलणे, चेनच्या कड्या कमी करणे शिकून घेतले. एक पिन काढायचे हत्यार, एक चिमटा, एक बारीक पेचकस, एवढेच सामान लागते. वाडीतली नऊ घड्याळे तिने पुन्हा हातावर चढवली. काकांना शिष्य नाही, त्यांची मुले गोव्याला नोकरीत आहेत. जिल्ह्यातल्या मुला-मुलींनी हे कौशल्य त्यांच्याकडून उचलावे, अशी माणसे उद्या मिळणार नाहीत.

दुसरे, संग्रह करायचा तर असा करा. घड्याळाबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कुणाचे, कोणत्या साली घेतले, कोणत्या पैशातून, कोणत्या नोकरीत असताना. श्रीमंत संग्राहकाकडे शंभर घड्याळे असतात, पण ही चिठ्ठी नसते. १४ एप्रिलला किंवा बुद्धपौर्णिमेला विहारात एक टेबल मांडून वाडीतली घड्याळे चिठ्ठ्यांसकट ठेवली, तर आपली मुले गिरणी, फौज, गोदी, रेल्वे यांचा इतिहास एका दुपारी वाचतील. घड्याळ विकण्याची वेळ आलीच, गरज कुणाला सांगून येत नाही, तर निदान आधी दुरुस्त करा, पट्टा लावा, दोन ठिकाणी भाव विचारा.

पुतणी यंदा दहावीला बसली. परीक्षेला मोबाईल नेता येत नाही, म्हणून तिने आजोबांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे ‘जनता’ हातावर बांधले. पट्टा तिच्या मनगटाला मोठा होत होता, म्हणून त्या चर्मकार बंधूंनी एक भोक जास्त पाडून दिले. पैसे घेतले नाहीत. सकाळी सात वाजता तिने चावी दिली आणि ती निघाली. आमच्या घरात मनगटावर घड्याळ बांधून बाहेर पडलेली ती पहिली बाई.

तिला निरोप द्यायला शेजारच्या काकी अंगणात आल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे बराच वेळ पाहिले, मग घरात जाऊन एक डबी आणली. आत व्यापाऱ्याने अंगणात टाकलेला काकांचा कुजलेला पट्टा होता. “ह्या मी उचलून ठेवलंय,” त्या म्हणाल्या. “तेच्यार तेंच्या हाताचो घाम आसा.”

आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. घड्याळ सापडले तर आधी चावी देऊन पाहा.